तीन मीटर मटार

मी एक जुनी पन्हळ आहे. मित्रांनो, एवढं वाक्य शंभर टक्के खरं आहे. पुढे कुठे मीठमसाला जास्त वाटलाच, तर तो माझ्या वयाचा दोष समजा. एकतीस वर्षं मी छपराच्या कडेला लटकून काढली आहेत, आणि उंचावर राहिलेल्यांना थोडं वाढवून सांगायची खोड लागतेच.

ज्यांनी पन्हळ पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. लांबलचक पत्रा घ्यायचा, त्याला मधोमध पोट द्यायचं, दोन्ही कडा वर उचलायच्या, की झाली पन्हळ. छपरावरून ओघळणारं पाणी मी पोटात घेते आणि भिंतीपासून दूर नेऊन सोडते. माझा पत्रा जस्ताचा. लांबी तीन मीटर, आणि एवढ्या लांबीत जोड म्हणाल तर एकही नाही. मला घडवलं तात्यांनी. पत्र्याचं काम करणारे तात्या म्हटलं की चार गल्ल्यांत दुसरं नाव सांगावं लागत नसे. त्यांनी कथिलाचा डाग देऊन दोन पत्रे जोडले की त्या सांध्यातून पाणी सोडाच, मुंगीची कुजबुजसुद्धा पलीकडे जात नसे.

माझी नेमणूक झाली पोस्टाच्या छपरावर. काय ते दिवस! एका वर्षी असा पाऊस कोसळला की माझ्यातून एक बेडूक, दोन पतंग आणि पोस्टमनची टोपी एकाच वेळी वाहत गेली. टोपी सगळ्यांत पुढे होती. बेडकाने मागून हाका मारल्या, पण सरकारी टोपी कुणासाठी थांबते होय? तेव्हा रस्त्यावरचे लोक वर बघून म्हणायचे, "तात्यांचं काम बघा, एक थेंब भिंतीला लागू देत नाही." मी मनातल्या मनात मान ताठ करत असे. पन्हळीला मान नसते, म्हणून तर मनातल्या मनात.

मग प्लास्टिकच्या पन्हळी आल्या. पांढऱ्याशुभ्र, हलक्याफुलक्या आणि जरा वारा सुटला की कुरकुरणाऱ्या. मला उतरवून पोस्टाच्या मागे, मोडक्या बाकाशेजारी टाकण्यात आलं. माझ्या एका टोकाची टोपी, म्हणजे तोंड बंद करणारा पत्रा, आणि दुसऱ्या टोकाची पाणी सोडणारी तोटी उतरवताना निखळून पडल्या, त्या कुणी उचलल्याही नाहीत. चार वर्षं मी तशीच आ वासून पडले होते. एक मांजर दुपारची माझ्यात झोपायला यायची. ती जेमतेम हातभर लांब. माझं बाकीचं अंग रिकामंच राहायचं, त्यामुळे सोबत मिळूनही एकटेपणा काही सरत नसे.

तिकडे तात्याही म्हातारे झाले होते. हात थरथरायला लागले आणि दुकानाला कुलूप लागलं. त्यांच्याकडे एकच राज्य उरलं होतं, ते म्हणजे वस्तीच्या टोकाला असलेल्या सामाईक बागेतला सतरा नंबरचा वाफा. बागेत वाफे चाळीस आणि मागणारे शंभर. म्हणून नियम कडक होता. मोसमाच्या सुरुवातीला ठरलेल्या रविवारी, दुपारी बाराच्या ठोक्याला, ज्याच्या वाफ्यात चार बोटं उंचीचं उभं पीक नसेल त्याचा वाफा यादीतल्या पुढच्या माणसाला द्यायचा. मोजायला यायच्या सेक्रेटरीणबाई. पूर्वी त्या दवाखान्यात मेट्रन होत्या. अजूनही त्या बागेत शिरल्या की कोबीसुद्धा नीट सरळ बसतो म्हणे.

यादीत पहिला होता कोपऱ्यावरचा सलूनवाला. माणूस वाईट नव्हता हो. त्याने दुकानाच्या फळीवर, फवाऱ्यांच्या आणि पावडरच्या डब्यांच्या मधे, टोमॅटोची एकोणीस रोपं वाढवली होती आणि ती जागेवाचून पिवळी पडायला लागली होती. पण तो रोज संध्याकाळी फिरायला म्हणून निघायचा आणि सतरा नंबरपाशी येऊन पावलांनी लांबी मोजायचा. तात्यांनी ते पाहिलं मात्र, त्या दिवसापासून त्याच्याकडे दाढी करायला जायचं सोडून दिलं.

"असं किती दिवस वाढवणार?" काकूंनी विचारलं. काकू म्हणजे तात्यांची बायको.

"माझ्या वाफ्यावर डोळा ठेवणाऱ्याच्या हातात वस्तरा देऊ? आणि गळाही माझाच देऊ?"

"बरं, नका देऊ. पण वाफा गेला ना, तर तुम्ही दिवसभर घरात बसाल आणि माझ्या डब्यांची झाकणं ठोकून सरळ करत राहाल. मग मीच नाव लावते त्या यादीत."

गंमत म्हणून बोलल्या खऱ्या, पण रात्री त्यांनाही झोप लागेना. कारण वाफा रिकामा होता. तात्यांनी पहिल्यांदा मटाराचं बी सरळ जमिनीत पेरलं, तर उंदरांनी एका रात्रीत ओळ साफ केली आणि पोचपावती म्हणून सालं ठेवून गेले. दुसऱ्यांदा काकूंनी अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये माती भरून, खिडकीत ठेवून, घरातच रोपं केली. रोपं आली झकास. पण ती एकेक उचलून वाफ्यात लावायची कुणी? मटाराचं मूळ नाजूक आणि देठ तर त्याहून. तात्यांच्या थरथरत्या बोटांत एक मोडलं, दुसरं मोडलं, तिसरं मोडलं. काकूंच्या डोळ्यांना जवळचं दिसत नाही. त्यांनी एक रोप लावलं ते उलटं, मुळं वर.

तात्या मोडकी रोपं रुमालात गुंडाळून बियाणांच्या दुकानात गेले. दुकानातली बाई बियांच्या गोष्टीत कुणाचं ऐकत नसे.

"रोपाला हात लावायचाच कशाला?" ती म्हणाली. "लांब पन्हळीत पेरा, घरातच वाढवा आणि ओळच्या ओळ चरात सरकवून द्या. ढकललं की झालं. मुळाला कळतसुद्धा नाही आपण घर बदललंय ते."

तात्यांना आठवले मी! ते तडक पोस्टामागे आले. मला पालथं केलं, मांजरीची क्षमा मागितली, पोटावर बोटं वाजवली आणि म्हणाले, "अरे, ही तर आपली पोरगी!" मित्रांनो, त्या वेळी मला जो हुंदका आला तो इतका मोठा होता की पोस्टातली शिक्क्यांची शाई सांडली. बरं, सांडली नसेल. पण हलली नक्की.

रविवारला पाच आठवडे उरले होते.

आता ऐका, घोटाळा कुठे झाला. बियाणांच्या बाईने सांगितलं होतं पन्हळीत पेरा. पण तात्या पडले कारागीर. दोन्ही टोकं उघडी असलेली पन्हळ त्यांना बघवेना. "ही काय पन्हळ म्हणायची? ही तर अंगावर बंडी न घालता रस्त्यावर आल्यासारखी दिसते." त्यांनी कुलूप लावलेलं दुकान उघडलं, नव्या टोप्या कापल्या, मनगट टेबलाला टेकवून एका जागी दोनदा, कुठे तीनदा असा दोन्ही टोकांना डाग दिला. दोन दिवस लागले. पूर्वी हे काम त्यांनी शिट्टी वाजवत वीस मिनिटांत केलं असतं. पण काम झालं असं की सांध्याला ओठ लावून फुंकलं तरी हवा पलीकडे जाईना. मग माझ्यात माती भरली, रात्रभर भिजवलेले वाटाणे दोन बोटांच्या अंतराने ओळीत टाकले, वर मातीचं पांघरूण घातलं आणि पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी दिलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

आठवड्याने घरात वास सुटला.

"अहो," काकू नाक धरून म्हणाल्या, "ही पन्हळ आहे की डबकं?"

"एक थेंब गळत नाही बघ!"

"तेच म्हणतेय मी."

सगळे वाटाणे कुजले होते. पाण्याला जायला वाटच नव्हती. काकू म्हणाल्या, तळाला भोकं पाडा. तात्या मटकन खाली बसले. "अगं, आयुष्यभर मी लोकांची भोकं बुजवली. आता माझ्याच हाताने माझ्याच कामाला भोक पाडू? कुणी पाहिलं तर काय म्हणेल?"

शेवटी पाडली. पण आधी दाराला कडी घातली, पडदे ओढले आणि ठोक्यांचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून काकूंनी रेडिओ मोठा केला. खिळा काकूंनी धरला, हातोडी तात्यांनी.

"अहो, ते माझं बोट आहे, खिळा पलीकडे आहे."

"मग हलवतेस कशाला?"

"मी हलवतेय? मी?"

तेवीस भोकं पडली, सगळी वाकडीतिकडी, जणू मुंग्या रस्ता चुकल्या असाव्यात. मला दुखलं का म्हणाल तर खरंच नाही. उलट पहिल्यांदा पाणी दिलं आणि ते तळातून टपटप खाली गेलं, तेव्हा इतकं हलकं वाटलं की काय सांगू. खाली घरातली झाडून सगळी ताटं मांडली होती, त्यामुळे त्या दिवशी दोघांनी जेवण पातेल्यातच केलं.

आता साडेतीन आठवडेच उरले होते. पुन्हा भिजवणं, पुन्हा पेरणी.

घर दोन खोल्यांचं आणि मी तीन मीटरची. माझं एक टोक स्वयंपाकघराच्या खिडकीत आणि दुसरं आतल्या खोलीत पलंगाच्या पाठीवर. मधलं दार माझ्यामुळे लागेना. नवव्या दिवशी मातीला बारीक भेगा पडल्या आणि वाकलेली हिरवी मानगूट वर आली. मग दुसरी, मग सातआठ एकदम. काकूंनी तात्यांना झोपेतून उठवलं. दोघं माझ्यावर दोन्ही बाजूंनी ओणवून असे बघत राहिले की माझ्या अंगाला श्वासांनी गुदगुल्या झाल्या.

पण रोपांना हवा उजेड. खिडकीकडची जोमाने वाढायला लागली, पलंगाकडची मात्र फिकट, लांबोडकी. म्हणजे रोज माझं टोक बदलायला हवं. खोलीत मला वळवायला जागा नाही. मग रोज सकाळी काय व्हायचं? पुढे काकू, मागे तात्या, मधे मी. दारातून बाहेर, जिना उतरून रस्त्यावर. तिथे दोघांनी मला धरून अर्धा फेरा मारायचा आणि पुन्हा काकू पुढे, तात्या मागे, अशी स्वारी परत वर. तात्यांचे हात थरथरायचे, त्यामुळे माझ्यातले मटार अख्खा जिनाभर डुलत यायचे.

पहिले दोन दिवस शेजारी खिडकीतून बघत राहिले. तिसऱ्या दिवशी एकाने विचारलं, "तात्या, रोज घेऊन जाता आणि रोज परत आणता. कुणी घेत नाही का हो?" चौथ्या दिवशी वरच्या मजल्यावरचा बँडवाला जिन्यात मदतीला आला, मला मधे धरायला. पाचव्या दिवशी त्याने दुसऱ्या हातात बाजा आणला. त्यानंतर रस्त्यावर आम्हाला वाट द्यायला बस थांबायच्या. एकदा तर दोन बस थांबल्या आणि तिसरी मागे सरकली. तिसरीचं मी वाढवून सांगितलं असेल, पण दोन तर नक्कीच.

अखेर तो रविवार उजाडला. माझ्यात साठ रोपं ताठ उभी होती. तात्या, काकू आणि बँडवाला मला घेऊन बागेत पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. वाफ्यात चर खणून तयार होता. पलीकडे कुंपणाशी सलूनवाला उभा होता. पायाशी टोमॅटोच्या एकोणीस रोपांची टोपली.

"या," तात्या त्याच्याकडे न बघता म्हणाले. "बघा आता. ढकललं की झालं."

त्यांनी मला चराच्या तोंडाशी टेकवलं, मागचं टोक उचललं आणि ढकललं.

काही झालं नाही.

पुन्हा ढकललं. मातीची ओळ तसूभरही हलली नाही. हलेल कशी? समोर टोपी होती. तात्यांची स्वतःची, डाग दिलेली, मुंगीची कुजबुज न सोडणारी टोपी! भोकं पाडताना तळाचा विचार झाला, टोकांचा राहूनच गेला.

काकूंनी कपाळावर हात मारला. "अहो, दार बंद ठेवून पाहुण्यांना या या म्हणताय!"

बाराला वीस मिनिटं होती. तात्यांनी टोपी हाताने ओढली, नखांनी खरवडली. माझ्या अंगाला कळत होतं, त्यांचा जीव किती कासावीस झालाय ते. मीही अंग आक्रसून टोपी सोडायचा प्रयत्न केला, पण ते काम इतकं पक्कं होतं की मलासुद्धा मोडता येईना. तात्यांनी बागेच्या खोपटातून पत्रा कापायची कातर आणली. कातर कडेला लावली, हात थरथरला, पातं घसरलं आणि टोकाचं एक रोप मुळापाशी कापून खाली पडलं. पुन्हा लावली. दुसरं रोप पडलं. तात्या थांबले. कातर खाली ठेवली आणि मातीत मांडी घालून बसले.

तेवढ्यात कुंपण ओलांडून सलूनवाला आला.

"द्या इकडे," तो म्हणाला.

"तू? तू कशाला?"

"मला बघवत नाही म्हणून. वाफा मला हवाय, तात्या, खोटं कशाला बोलू? पण असा नकोय. वीस वर्षं गळा दिलात माझ्या हातात, आता पन्हळ द्यायला का कू करता?"

तात्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग बसल्या बसल्याच कातर पुढे केली.

"वरून नको," ते म्हणाले. "डागाच्या आतून जा. तिथे पत्रा एकेरी आहे."

"असा?"

"हळू! पत्रा आहे तो, दाढी नव्हे."

"दाढीलाही मी हळूच असतो. तुम्हीच हलता."

"आता उजवीकडे. कातर पूर्ण मिटू नको, नाहीतर कड फाटते. हां. हां. शाब्बास!"

काय तो हात होता, मित्रांनो! साबणाच्या फेसाखालून वस्तरा फिरावा तशी कातर माझ्यातून फिरली. एकही रोप हललं नाही. टोपी सुटून मातीत पडली आणि माझं तोंड उघडं झालं. बाराला चार मिनिटं होती. काकूंनी झारीने पाणी शिंपडलं, बँडवाल्याने आणि सलूनवाल्याने मागचं टोक उचललं, आणि तात्यांनी दोन्ही तळवे मातीच्या ओळीमागे ठेवून हलकेच ढकललं.

सर्रर्र!

तीन मीटर मटार माझ्यातून निघाले. सगळे एकदम, एका रांगेत, मान न मोडता, शाळा सुटल्यावर मुलं निघावीत तसे. चरात जाऊन बसले ते असे की जन्मापासून तिथेच होते. मी आयुष्यात लाखो घागरी पाणी पुढे पाठवलं, पण त्या सर्रर्रची सर त्यातल्या एकाही थेंबाला नव्हती.

बाराचा ठोका पडला आणि सेक्रेटरीणबाई आल्या. त्यांनी वाकून आपली चार बोटं पहिल्या रोपाशी धरली. रोप जरासं कमी भरलं. ते सुरुवातीला पलंगाकडे राहिलेल्या टोकाचं होतं.

"बाई, बोटं जुळवून धरा ना," सलूनवाला म्हणाला. "मधे हवा शिरलीय."

बाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "वाफा यांचा नाही राहिला तर मिळणार कुणाला, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे हो. तरी हवा ती हवा."

बाईंनी बोटं जुळवली. रोप बरोबर भरलं. बाकीची तर बोटांच्या वर दोन बोटं होती. "सतरा नंबर, पास," म्हणत त्या अठरा नंबरच्या कोबीकडे वळल्या.

काकूंनी पदराने डोळे पुसले आणि वर मातीच गेली डोळ्यांत असं सांगितलं. सलूनवाल्याने आपली टोपली उचलली.

"कुठे निघालास?" तात्यांनी विचारलं.

"दुकानात. रोपं परत फळीवर ठेवायला."

"मटारांची ओळ एक. वाफा केवढा मोठा? आणि दक्षिणेकडे ऊन चांगलं येतं, टोमॅटोला बरं." तात्यांनी मातीतून उठायला हात वर केला, आणि सलूनवाल्याने तो धरून त्यांना उभं केलं. "बाई," तात्यांनी हाक मारली, "नियमात दोघांनी एक वाफा लावू नये असं कुठे आहे का?"

बाईंनी मागे न बघता उत्तर दिलं, "लिहायचं राहून गेलंय."

एकोणीसच्या एकोणीस रोपं त्याच दुपारी लागली. दोन महिन्यांनी मटाराला शेंगा लटकल्या. तात्या आणि सलूनवाला बाकावर बसून कच्चेच दाणे खायचे, आणि टोमॅटो कुणाच्या सल्ल्यामुळे लाल झाले यावर संध्याकाळभर भांडायचे.

मी आता त्याच बागेत असते, खोपटाच्या भिंतीला टेकून. मोसम आला की कुणी ना कुणी मला मागायला येतं आणि माझ्यात मटार पेरतं. काम झालं की धुवा, पुसा आणि पालथी घालून ठेवा, म्हणजे मला गंज चढत नाही, एवढंच मी सगळ्यांना सांगते. तुम्हालाही सांगते.

आणखी एक. तुमच्या घरामागे, जिन्याखाली, माळ्यावर कुणी पडलं असेल. तळ गेलेली बादली असेल, झाकण हरवलेला डबा असेल, एखादी पाय मोडकी खुर्ची असेल. तिला भंगारात द्यायच्या आधी एकदा जवळ बसून विचारा, "तुला आणखी काय येतं गं?" उत्तर लगेच नाही मिळायचं. आम्ही जुनी माणसं जरा लाजरी असतो, आणि खरं सांगू, आम्हालाही ते ठाऊक नसतं. म्हणून घाई करू नका. थोडी माती घाला, थोडं पाणी घाला आणि नऊ दिवस थांबा.